पोच्याशेजारची वाटी

२४ जुलै, गुरुवार

कंबरेचे तुकडे झाले. दिव्यांची आवस म्हणजे घरातले दिवे घासायचे, एवढंच खरं तर. पण एकदा हात चिंचेत बुडाला की मला थांबता येत नाही. समई, निरांजनं, अण्णांच्या गावचा लामणदिवा, मग पितळेचे डबे, मग स्टीलचे, शेवटी गोळ्यांचा डबासुद्धा सोडला नाही. श्रुतिका ऑफिसातून आली, ओट्याकडे बघून म्हणाली, "आई, घर विकायला काढलंयस का?" स्वतः एक चमचा विसळायचा नाही आणि वर तोंड!

अण्णा आणि जॉबर दिवसभर दारात बसून माझ्यावर नजर ठेवून. अण्णांनी ते नाव उगाच नाही ठेवलं. गिरणीत म्हणे जॉबर असायचा, खातंभर फिरायचा, सगळ्यांच्या कामात खुसपट काढायचा. आमचे हे गेले त्या वर्षी बिल्डिंगखाली एक पिल्लू सापडलं. घरात आल्या आल्या तिन्ही खोल्यांतून फिरून, सगळं हुंगून, परत दारात येऊन बसलं. आणि मुलगा गेल्यापासून चार महिने तोंडातून शब्द न काढलेले माझे सासरे म्हणाले — "ह्यो तर जॉबर!" त्या दिवसापासून त्याला काही बोलायची माझी टाप नाही. रोज सकाळी सहाला अण्णा खुंटीवरचा पट्टा काढतात आणि दोघं पंतनगरच्या फेरीला जातात. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पण फेरी चुकत नाही.

कणकेचे गोड दिवे केले. एक जॉबरच्या पोटात गेला. "मी नाय दिलंय," म्हणाले अण्णा. तूप दोघांच्याही मिशीला होतं.

परवा सहा महिने झाले, जॉबरला एकही फिट नाही. लिहू नये असं. दृष्ट लागते.

२७ जुलै, रविवार

लागली.

दुपारी चार दहा. पंख्याखाली झोपला होता. एकदम मान मागे, चारी पाय ताठ, मग सगळं अंग आपटायला लागलं. तोंडाला फेस, खाली लघवी. मी टीपॉय ओढला, डोक्याखाली उशी सारली, श्रुतिकावर ओरडले — घड्याळ बघ! टीव्ही बंद कर! पडदा ओढ! दोन मिनिटं पन्नास सेकंद. संपल्यावर उठला आणि थेट भिंतीवर जाऊन आपटला. फिटनंतर थोडा वेळ त्याला दिसत नाही. मग अर्धा तास स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर. मी हाक मारली तर माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं.

जानेवारीत पहिली आली तेव्हा आम्ही केलेला तमाशा आठवला की अजून लाज वाटते. शेजारच्या नीलाताई कांदा फोडून नाकाशी धरतायत, अण्णा चामड्याची चप्पल हुंगवतायत, आणि मी दातखीळ बसू नये म्हणून तोंडात चमचा घालतेय! अंगठ्याला दोन टाके पडले. डॉ. गार्गी, जॉबरची डॉक्टर, श्रुतिकाहून फार मोठी नसेल, तिने कपाळावर हात मारला. "काकू, कुत्रा जीभ गिळत नाही. तोंडात काहीही घालायचं नाही. कांदा तर त्यांना विषच. आजूबाजूचं सामान सरकवा, डोकं सांभाळा, अंधार करा आणि वेळ मोजा. पाच मिनिटांच्या पुढे गेली किंवा एका दिवसात दुसरी आली, तर तशाच निघून या. आणि गोळी बारा-बारा तासांनी, कायमची. एक दिवस चुकली तरी उलटते."

नाही चुकली! सकाळी सात, संध्याकाळी सात. पोळीच्या घासात घालून देते, गळ्यावर हात ठेवून गिळल्याची खात्री करते. मग का आली?

३० जुलै, बुधवार

सकाळी नऊ वीस. दोन मिनिटं दहा सेकंद.

उशी द्या म्हणून अण्णांना ओरडले. खुर्चीत झोपले होते. एवढ्या आरडाओरड्यात! चहा तसाच समोर, वर साय धरलेली.

३१ जुलै, गुरुवार

दवाखान्यात गेलो. डॉ. गार्गीचा पहिला प्रश्न — "गोळी चुकली का काकू?"

डोकंच फिरलं. एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते मी. विक्रोळीच्या कंपनीत तीनशे एक्स्टेन्शन तोंडपाठ, कधी पुस्तक उघडलं नाही. साहेब बदलायचे, नंबर बदलायचे, नलिनी परब चुकायची नाही. आणि ही मला विचारते गोळी चुकली का!

ती शांतपणे म्हणाली, "रागावू नका. रक्त तपासू या एकदा. गोळी रक्तात किती उतरतेय ते कळेल." मी म्हटलं, गोळी मी देते म्हणजे उतरतेच. उगाच त्याला सुया टोचायच्या नाहीत. तिने चिठ्ठीचं पॅड पुढे ओढलं. मग म्हणाली, ठीक आहे, एकाची दीड करा, पंधरा दिवसांनी मात्र रक्त घ्यायचंच. फिट लांबली तर मागून, शेपटीखालून, द्यायचं औषधही दिलंय. फ्रिजच्या वर ठेवलंय, श्रुतिकाला दोनदा दाखवलं.

घरी येताना रिक्षात त्याने माझ्या मांडीवर हनुवटी टेकली. सगळा रस्ता तसाच.

४ ऑगस्ट, सोमवार

अण्णा मोरीच्या दारात पडले. लागलं नाही फार, कोपर सोललं. पण उठताना पाय धरेनात, जीभ जड. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. बीपी वाढलंय म्हणाले. "गोळी चालू आहे ना? अजिबात चुकवू नका." बाकी मग तेच — वय झालं, मेंदू थकतो, आता हे असंच.

असंच म्हणजे कसं? गेल्या महिन्यात हा माणूस केळेवाल्याशी एका केळ्यावरून भांडत होता.

आठवडा झाला, पट्टा खुंटीवरच. जॉबरला श्रुतिका खाली नेते. तो गेटपर्यंत जातो आणि मागे वळून जिन्याकडे बघत बसतो, म्हणाली.

६ ऑगस्ट, बुधवार

श्रुतिकाशी कडाक्याचं भांडण झालं. कशावरून? तर गोळ्यांच्या डब्यावरून!

हा डबा माझा मिसळणाचा जुना गोल डबा. सात वाट्या. दोन-दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम आणते, एका बैठकीत सगळ्या पाकिटांतून काढते, वाट्यांत भरते, कचरा बाहेर. घरभर चांदीच्या पट्ट्या लोंबत नाहीत. डब्याच्या काठाला एक पोचा आहे. पोच्याजवळ अण्णांची बीपीची, तिच्या उजवीकडे जॉबरची, मग माझी थायरॉइडची, मग श्रुतिकाची लोहाची, असं फिरत जायचं. सकाळी सातला चष्मासुद्धा लावावा लागत नाही. हात जातो तिथे.

ही बाई स्टिकर घेऊन आली. रंगीत! वर म्हणते, "आई, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही एवढ्याशा. तुझ्याबद्दल नाही म्हणत गं मी, पण कुणाचाही गोंधळ होऊ शकतो ना यार."

"लेबलं विसरभोळ्यांना लागतात," म्हटलं मी. "आणि आईला यार म्हणायचं नाही."

"बाबा असते तर तू अशी बोलली नसतीस."

हे कशाला मध्ये आणायचं? मी स्टिकरचं पाकीट ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. दोघी न जेवता उठलो. जॉबर दोघींच्या मध्ये बसून एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे.

९ ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमा. रतनताई बोरिवलीहून आल्या. राखी यांच्या फोटोला बांधली, मग वडिलांजवळ बसल्या. अण्णांनी त्यांना "शेवंती" म्हणून हाक मारली. शेवंती म्हणजे माझ्या सासूबाई. जाऊन वीस वर्षं झाली.

रतनताई स्वयंपाकघरात येऊन रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "वहिनी, तू एकटी काय काय करशील? वसईला एक जागा आहे. नर्स असतात, डॉक्टर असतात. आणि त्या कुत्र्याचं... तो पण बिचारा हाल काढतोय ना गं?"

ओरडणार होते. ओरडले नाही. कारण हेच मी आंघोळ करताना स्वतःशी म्हटलं होतं.

नारळीभात अण्णांनी दोन घास खाल्ला आणि बसल्याजागी मान टाकली. खालचा ओठ लोंबतो आता. मला बघवत नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

दोन. सकाळी अकरा आणि दुपारी साडेचार.

दुसरी आली की तसंच निघायचं, माहीत होतं. अण्णांना एकटं टाकून जाता येईना. नीलाताई सापडेपर्यंत सहा वाजले. डॉ. गार्गीने गोळ्या दोन-दोन केल्या. "रक्त?" म्हणाली. परवा आणते म्हटलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सकाळपासून तीन. तिसरी थांबेचना. चार मिनिटं, पाच मिनिटं. मागून औषध दिलं, निम्मं बाहेर. सात मिनिटं. श्रुतिका हातात फोन धरून रडत आकडे मोजत होती.

चादरीत गुंडाळून खाली नेलं. दोन रिक्षावाल्यांनी बघून गाडी पुढे काढली. तिसरा थांबला. म्हातारा होता. मी म्हटलं, सीट खराब होगी. "सीट धुल जाएगी, आप बैठो." मुलुंडच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत सिग्नल न बघता नेलं. त्याचं नावसुद्धा विचारलं नाही मी.

इंजेक्शनं, सलाइन. संध्याकाळी घरी सोडलं. मागचे पाय धरत नाहीत. मला ओळखतो की नाही, देवाला माहीत.

घरी आलो तर अण्णा सकाळी होते तसेच खुर्चीत. नीलाताई म्हणाल्या, दिवसभर दोनदा डोळे उघडले. जॉबर तीनदा त्यांच्या पायाशी आपटला सकाळी, आणि त्यांना पत्ता नाही! एक क्षण इतका राग आला अण्णांचा. मग स्वतःचा.

साताला दोघांना गोळ्या दिल्या. आधी त्यांना, मग त्याला.

१७ ऑगस्ट, रविवार

पुन्हा.

२० ऑगस्ट, बुधवार

तो आता गोल फिरतो. कोपऱ्यात डोकं टेकवून उभा राहतो, निघता येत नाही. पोळी दाखवली तरी खायची वाटी कुठे आहे ते कळत नाही त्याला. काल माझ्या हाताला दात लावले. माझ्या! मग काय केलं ते कळल्यासारखा कान पाडून बसला. त्या चावण्यापेक्षा ते बसणं सहन झालं नाही.

मी दमले. लिहून टाकते, इथे कोण वाचणार आहे. मी दमले. एका खोलीत एक मरतोय, दुसऱ्या खोलीत दुसरा, आणि मधल्या पॅसेजमध्ये मी फडकं घेऊन फिरतेय. काय चुकलं माझं? घड्याळ लावून सगळं केलं. एक गोळी, एक वेळ चुकवली नाही. ज्या बायका काही बघत नाहीत त्यांच्या घरात सगळे धडधाकट!

डॉ. गार्गीला फोन केला. झोपवायच्या इंजेक्शनाचं अर्धंच विचारलं, बाकी तिनेच ओळखलं. म्हणाली, "काकू, तुम्ही ठरवाल ते. पण त्याआधी एकदा रक्त बघू या ना. माझ्या समाधानासाठी." मी म्हटलं, बाळा, आता पुरे. किती टोचायचं त्याला?

शनिवारी सकाळी दहा.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

अण्णांना सांगितलं. कानाशी वाकून, दोनदा. "अण्णा, जॉबरला उद्या नेणार. त्याला फार त्रास होतोय हो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हां, हां," म्हणाले आणि डोळे मिटले.

जॉबरला त्यांच्या खुर्चीजवळ नेऊन बसवलं. अण्णांचा हात उचलून मीच त्याच्या डोक्यावर ठेवला. हात घसरून खाली आला. पुन्हा ठेवला.

२३ ऑगस्ट, शनिवार

झालं.

सकाळी साताला गोळी दिली त्याला. सवयीने. मग कळलं काय करतेय ते, तरी गळ्यावर हात ठेवून गिळेपर्यंत थांबले.

डोकं माझ्या मांडीवर होतं. शेपूट एकदा हलली. श्रुतिका म्हणते हलली. मला वाटतं मी त्याला धरून थरथरत होते म्हणून.

२५ ऑगस्ट, सोमवार

पट्टा खुंटीवरून काढून कपाटात साड्यांखाली ठेवला. रतनताईंचा फोन. वसईच्या जागेचं गणपतीनंतर बघू म्हणाल्या. मी बरं म्हटलं. आता मला कुणाशी भांडायचं नाही.

त्याच्या वाटीत गोळ्या उरल्यात. मोरीत ओतायला निघाले होते. श्रुतिकाने हात धरला. "आई, नको. डॉक्टरांकडे एक रस्त्यावरचा कुत्रा येतो, त्यालाही फिट येतात. त्याला होतील." चहाच्या पुडीच्या कागदात बांधून ठेवल्या. गणपतीत दवाखाना दोन दिवस बंद आहे, उघडला की देऊन येईन.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

पुडी दिली. डॉ. गार्गीने सोडली. एक गोळी उचलली, उलटी केली, खिडकीशी नेली.

"काकू, या कुठल्या?"

"जॉबरच्या."

"आपल्या गोळीवर मधोमध रेघ असते. हिच्यावर नाहीये."

मग तिने मला खुर्ची दिली. ती काय बोलत होती ते आठवत नाही. घरी आले. चप्पल न काढता ओट्याशी गेले. चष्मा लावला. पोच्याजवळच्या वाटीतली, अण्णांची, एक गोळी तळहातावर घेतली.

मधोमध रेघ.

डबा मी घासला होता. आवसेला. वाट्या काढून ताटात ठेवल्या, डबा पुसला आणि वाट्या परत बसवल्या. मीच. पोचा जागच्या जागी होता, वाट्या नव्हत्या. त्याला तीस दिवस, अण्णांना छत्तीस, सकाळ-संध्याकाळ. त्याला बीपीची, आणि अण्णांना त्याची. तीनदा म्हणाली होती पोर रक्त तपासू, रक्त तपासू.

माझी चूक. लिहिते. दुसऱ्या कुणाची नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

अण्णांच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ती झोप, ते पडणं, सगळं फिटच्या गोळीचंच म्हणाले. पण एकदम बंद करता येत नाही, हिची सवय लागते, सोडवताना त्यांनाही आकडी येऊ शकते म्हणाले. हळूहळू कमी करायची. कागदावर लिहून दिलंय.

रतनताईंना फोन करून वसई नको म्हटलं. का ते सांगितलं. 

संध्याकाळी बघते तर श्रुतिका ओट्याशी उभी. ड्रॉवरमधले स्टिकर काढून एकेका वाटीला लावत होती.  मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. जॉबरच्या वाटीला काही लावलं नाही. ती पालथी घातली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सहा वाजता खाकरण्याचा आवाज आला. अण्णा! आपले आपण उठलेले, तोंड धुतलेलं, भांग पाडलेला, पायात चपला. दाराशी उभे राहून खुंटीवर हात चाचपत होते.

"नलिनी, पट्टो खय ठेवलंस गो? जॉबराक फिरवक नेतंय."

गॅसवर दूध आहे म्हणत मी आत आले. गॅसवर काही नाही. ते अजून दाराशी उभे आहेत.